नव्वद सेंटिमीटर

खाडीच्या मुखाशी आली की पडद्यावरची हिरवी रेघ अकरा सेकंद थांबायची.

ऋजुता सोहोनीने ते तीनदा मोजून पाहिलं. रेघ म्हणजे होडीचा मार्ग. ती समुद्राकडून यायची, लाटा फुटतात त्या वाळूच्या पट्ट्याच्या अलीकडे चाळीसएक मीटरवर थबकायची, जागच्या जागी किंचित डोलायची आणि मग सरळ आत शिरायची. दुकानाच्या काउंटरवरचं हे नुसतं प्रात्यक्षिक होतं. होडी नाही, पाणी नाही. तरी रेघ थांबत होती.

"इथे ती अडखळते," ऋजुता म्हणाली.

"अडखळत नाही मॅडम, थांबते," हनीफभाई सोलकर म्हणाले. रत्नागिरीत होड्यांची उपकरणं विकण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि गिऱ्हाइकाची चूक ते फार हलक्या हाताने दुरुस्त करत. "ही मयेकर मॅडमची पद्धत. लाटांची मोठी रांग पुढे जाऊ द्यायची, मग आत शिरायचं. यंत्राने ती जशीच्या तशी उचललीय."

ऋजुताच्या मागे उभा असलेला तिचा नवरा, श्रीरंग, हसला. आवाज न करता हसला, पण काउंटरच्या काचेत तिला ते दिसलं.

परतताना गाडी श्रीरंग चालवत होता. गाड्या आपल्या आपण चालू लागल्याला आता पाच-सहा वर्षं झाली होती, पण श्रीरंगला चाक हातात लागायचं. हातखंब्याच्या वळणावर तो थांबला. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा होता. ऋजुताने मनात आकडे मोजले. नऊ, दहा, अकरा. गाडी वळली.

चौदा वर्षं ती या थांबण्याला नवऱ्याचा सावधपणा समजत आली होती. लग्न ठरलं तेव्हा आईला तिने त्याच्याबद्दल जे जे चांगलं सांगितलं, त्यात हेही होतं. वळणावर थांबतो, घाई करत नाही.

*

सोहोनींची होडी आठ मीटर लांबीची, एका शिडाची, निव्वळ हौसेची. ती सावण्याच्या खाडीत, धक्क्याजवळ नांगरलेली असे. पावसाळ्यात खारं पाणी शिरून तिचा जुना चार्टप्लॉटर बंद पडला. दिवाळीनंतर दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने कारवारपर्यंत जायचं ठरवलं होतं. त्याआधी नवा बसवायला हवा होता. "विजेचं आणि आकड्यांचं खातं तुझं," असं म्हणून श्रीरंगने निवड तिच्यावर सोपवली होती. त्याला तीन आठवडे झाले होते.

चार्टप्लॉटर म्हणजे सुकाणूजवळ बसवायचा पडदा. त्यावर समुद्राचा नकाशा दिसतो, नकाशावर आपली होडी दिसते, आणि पाणी किती खोल आहे तो आकडा. खोल समुद्रात एवढं पुरतं. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी पुरत नाही, कारण तिथली वाळू जागेवर राहत नाही. प्रत्येक उधाण तिला थोडी सरकवतं, प्रत्येक पावसाळा नव्याने मांडतो. महिन्यापूर्वीचा नकाशा आज खोटा ठरू शकतो. स्वच्छ पाण्यात उपग्रह रंगावरून तळ ओळखतात. इथलं पाणी गाळाने गढूळ. म्हणून नवी यंत्रं लाटांकडे बघतात. उथळ पाण्यात लाट मंदावते, आखडते. डोलकाठीवरचं छोटं रडार तिचा वेग मोजतं आणि त्यावरून खोलीचा अंदाज बांधतं. त्यात आसपासच्या होड्यांनी पाठवलेली मोजमापं मिसळतात. एवढं सगळं करून जे हाती येतं ते असं असतं: दोन मीटर, अधिकउणे पन्नास सेंटिमीटर.

त्या अधिकउण्याचं काय करायचं हे कुठलंही गणित सांगत नाही. दोन मीटर धरून आत जायचं, की दीड धरून भरतीची वाट बघायची? ते नाखव्याने ठरवायचं असतं. तेव्हा कंपन्यांनी नाखवेच विकायला काढले. मुरलेल्या माणसाच्या वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांच्या नोंदी घ्यायच्या: कुठे वळला, कुठे थांबला, किती पाणी असताना मागे फिरला. हजारो नोंदींतून यंत्र त्या माणसाचा निवाडा शिकतं. यंत्रात माणूस येत नाही, त्याचा आवाजही येत नाही. येते फक्त त्याची ठरवण्याची रीत. असा 'नाखवा' बसवलेला प्लॉटर मिळे, नाहीतर कोरा मिळे. कोरा सुरुवातीला भलताच भित्रा असतो आणि सुकाणू धरणाऱ्याकडून दोन-तीन मोसमांत हळूहळू शिकतो.

रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या खाड्यांसाठी बाजारात एकच नाखवा होता. शाल्मली मयेकर. अठरा वर्षं, दोन हजार तीनशे फेऱ्या. चार वर्षांपूर्वी अंदमानात स्थायिक होताना तिने आपल्या नोंदी कंपनीला दिल्या होत्या. त्यातली पहिली सहा वर्षं तिच्या होडीवर दुसरा माणूस श्रीरंग असायचा.

त्याने हे कधी लपवलं नव्हतं. लग्नाआधी दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. पुढे मित्रमंडळी जमली की तो एक किस्सा हमखास सांगायचा आणि तो कुठे आवाज खाली आणतो, हेही ऋजुताला पाठ झालं होतं. "पडद्यावर आकडा दीड मीटर. आमची होडी नव्वद सेंटिमीटर पाण्यात बुडालेली. खाली उरलं किती? हातभर. समोर लाटा फुटतायत, आणि ही बाई गुणगुणतेय."

"तुला ती यंत्रातली नको असेल तर तसं सांग," परवा जेवताना तो म्हणाला होता.

"प्रश्न तो नाही," ऋजुता म्हणाली होती. "उन्हात पडदा किती दिसतो ते अजून बघायचंय."

तिने एक तक्ता केला होता. त्यात सतरा मुद्दे होते, आणि तेरा मुद्द्यांवर मयेकर नाखवा पुढे होता. मग तिने अठरावा मुद्दा घातला. एकोणिसावा घातला.

*

ऋजुता महाविद्यालयात भूशास्त्र शिकवायची. तिचा विषय गाळ. वाळूचा कण कुठल्या वेगाच्या पाण्यात उचलला जातो आणि कुठे खाली बसतो, हे ती हातात कण घेऊन सांगू शकायची. होडीवर मात्र ती उशिरा, श्रीरंगमुळे आली. तिला तळ कळायचा, पाणी कळायचं नाही. शाल्मलीला पाणी कळायचं. हा फरक आजवर कुणी बोलून दाखवला नव्हता, पण तो आहे हे ऋजुता जाणून होती.

हनीफभाईंनी दोन्ही प्लॉटर रविवारपर्यंत चाचणीसाठी दिले होते. गुरुवारी दुपारी, श्रीरंग कामावर असताना, ती मयेकर नाखव्याच्या मूळ नोंदी उघडून बसली. खातरजमा करायची म्हणून कंपनीने त्या खुल्या ठेवल्या होत्या. आपण दोष शोधतोय हे तिला कळत होतं. कळत असूनही ती शोधत राहिली.

वाळूवरून काही पडताळता येईना, कारण वाळू हलते. मग तिला सावण्याच्या जुन्या धक्क्यासमोरचा काँक्रीटचा चौथरा आठवला. तो पाण्याखाली आहे, सपाट आहे आणि साठ वर्षांत तसूभर हललेला नाही. शाल्मलीची होडी त्यावरून एकशे बारा वेळा गेली होती. त्या त्या दिवसाची भरती-ओहोटी ठाऊक असली की चौथऱ्यावर नेमकं किती पाणी होतं ते काढता येतं. ऋजुताने काढलं आणि शाल्मलीच्या नोंदीशेजारी मांडलं.

नोंद दर वेळी कमी होती. कधी थोडी, कधी फार, असं नाही. एकशे बाराही वेळा नव्वद सेंटिमीटरने कमी.

ती उठून खिडकीशी गेली, परत येऊन बसली. उत्तर साधं होतं. खोली दोन प्रकारे दाखवता येते: पाण्याच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत, किंवा होडीच्या बुडापासून तळापर्यंत. कुठलं हवं ते नाखवा यंत्रात ठरवून ठेवतो. शाल्मलीने बुडापासून ठेवलं होतं, आणि तिची होडी नव्वद सेंटिमीटर पाण्यात बुडालेली असे. तिच्या पडद्यावर दीड मीटर दिसे तेव्हा होडीखाली दीड मीटर पाणी मोकळं असे. म्हणजे जवळजवळ माणूसभर. कंपनीने मात्र तो आकडा पृष्ठभागापासूनचा समजून यंत्राला शिकवलं. यंत्र समजून बसलं की ही बाई होडीखाली साठ सेंटिमीटर ठेवून आत घुसते.

आणि शेजारी बसून तोच पडदा सहा वर्षं बघणारा श्रीरंगही तेच समजला होता.

शाल्मली मयेकर धाडसी नव्हती. ती सावध होती, ऋजुताइतकीच. यंत्राच्या यादीत एक ओळ होती, 'मूळ होडीचा मोजणीचा आधार'. तिथे 'पृष्ठभाग' खोडून 'होडीचं बूड' निवडलं की चूक संपत होती. अर्ध्या मिनिटाचं काम.

संध्याकाळी श्रीरंग आला, चहा घेतला, विचारलं, "काय म्हणतात आकडे?"

"अजून बघतेय," ऋजुता म्हणाली.

शुक्रवारी तो पुन्हा विचारेल असं वाटलं. त्याने विचारलं नाही. शनिवारी त्याने मयेकर नाखवा होडीवर बसवला आणि बसवताना तो गुणगुणत होता. तीस वर्षं जुनं, तिला न येणारं कसलं तरी गाणं. ऋजुताने पाना त्याच्या हातात दिला आणि तोंड बंद ठेवलं.

*

रविवारी सकाळी भरतीच्या पाण्यावर ते बाहेर पडले, चार तास शीड लावून हिंडले, आणि दुपारी एकच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी परत आले. सुकती लागली होती. पाणी खाडीतून समुद्राकडे ओढत होतं. एरवी श्रीरंग अशा वेळी बाहेरच नांगर टाकून पाचपर्यंत वाट बघायचा, जेवण उरकायचा, टोपी तोंडावर घेऊन पडायचा.

प्लॉटरवर हिरवी रेघ उमटली, वाळूच्या पट्ट्यावरून सरळ आत जाणारी. खोली एक मीटर ऐंशी, अधिकउणे पन्नास. त्यांच्या होडीला एक वीस लागत.

"म्हणतेय, आत्ता चला," श्रीरंग म्हणाला. 'म्हणतेय' कोण, ते त्याने सांगितलं नाही. "सुकाणू धरतेस? मी पुढून पाणी बघतो."

ऋजुताने सुकाणू धरलं. इंजिन हळू ठेवलं. तिने सगळा हिशेब मनात आधीच करून ठेवला होता. वाळू बारीक आणि मऊ. लाट चाळीस सेंटिमीटर. वेग दोन नॉट. होडी टेकेल, फुटणार नाही. मत्सरालाही तिने सुरक्षिततेची मर्यादा घालून दिली होती, आणि त्याचं तिला थोडं समाधानही वाटत होतं.

रेघ थांबली, तशी तीही थांबली. अकरा सेकंदांनी पुढे निघाली.

एक सत्तर. एक साठ. श्रीरंग पुढे नाळेवर, होडीच्या टोकाशी, उभा होता, एका हाताने शिडाचा दोर धरून. वाऱ्यात त्याचा शर्ट फुगला होता. तो वळला तेव्हा तिने त्याचा चेहरा पाहिला. असा तो तिने लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता. "बघ," तो म्हणाला, "अशीच जायची."

एक पस्तीस.

सांगायला अजून वेळ होता. "वळव" एवढा एकच शब्द. ऋजुताने सुकाणू सरळ ठेवलं.

दोन लाटांमधल्या खळग्यात होडी वाळूवर बसली. धक्का तिच्या अंदाजाइतकाच होता, मऊ. पण श्रीरंगने नेमका त्याच वेळी बोट दाखवायला दोर सोडला होता, आणि हे तिच्या हिशेबात नव्हतं. तो पुढे आपटला. उठला तेव्हा डावं मनगट उजव्या हातात धरलेलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "काही नाही झालं. रिव्हर्स घे."

तिने घेतलं. इंजिन गुरगुरलं, मागे गढूळ पाणी उसळलं, होडी हलली नाही. पुढची लाट आली आणि तिने होडी आणखी चार बोटं वर सरकवून ठेवली. मग पाणी उतरत गेलं आणि होडी सावकाश एका कुशीवर कलली.

*

तासाभरात आजूबाजूला गुडघाभर पाणी राहिलं. ऋजुताने श्रीरंगच्या मनगटाला ओला पंचा गुंडाळला. मनगट सुजलं होतं, पण बोटं हलत होती. दोघं कललेल्या बाकावर, पाय टेकवून, एकाच दिशेला तोंड करून बसले होते.

मासेमारीची एक लहान होडी किनाऱ्याकडे जाताना त्यांच्याजवळ आली. तीत दत्ताराम खारवी होता, सत्तरीचा, सावण्यात सगळ्यांच्या ओळखीचा.

"काय वो सायेब," तो लांबूनच म्हणाला, "वाळूत घर बांधताव काय?"

"पाया घालतोय, दत्तारामबुवा," श्रीरंग म्हणाला.

"घाला, घाला. वयनी, दाराची बाजू पूर्वेला ठेवा हां." त्याने होडी स्थिर केली आणि सगळं नीट न्याहाळलं. "समुद्राच्या बाजूला नांगर टाकून ठेवा. साडेचारला पानी येल तवा होडी आत ढकलाया नको. या वक्ताला आत शिरावां असां कोनी सांगितलां?"

श्रीरंगने पडद्याकडे हनुवटी केली. "शाल्मली मयेकर."

"मयेकरांची पोर?" दत्ताराम हसला, दात नसलेलं मोकळं हसू. "ती कसली सांगत्येय. आमी समदे तिला चिडवायचो. आमच्या होड्या घरला जाऊन जेवून झोपायच्या, तरी ही भायेर, भरतीची वाट बघत."

"दीड मीटर पाण्यातून आणायची ती होडी. मी होतो ना बरोबर. खाली दोन वीतसुद्धा नसायचं."

"दोन वीत?" दत्तारामने वल्हं उचलून पाण्यात उभं धरलं, अर्धं बुडवलं, मग पुरतं बुडवलं. "तिच्या होडीखालनं मानूस डुबकी मारून पार होयल, येवढां पानी असायचां. तुमी पुढं बसून काय बघत होताव, सायेब?"

तो हसत हसत निघून गेला. श्रीरंग हसला नाही. त्याच्या कपाळावर आठी पडली होती, हिशेब चुकतोय पण कुठे ते सापडत नाही अशी.

"म्हातारा काहीही बोलतो," तो म्हणाला.

"तो बरोबर बोलतोय," ऋजुता म्हणाली. "तिचा आकडा बुडापासूनचा होता, पृष्ठभागापासूनचा नव्हे. दीड मीटर दिसायचं तेव्हा खरं पाणी दोन चाळीस असायचं. यंत्रात ते चुकीचं भरलंय. मी चौथऱ्यावरून पडताळलं. नव्वद सेंटिमीटर."

श्रीरंग तिच्याकडे वळला. "कधी पडताळलंस?"

"गुरुवारी."

समोर बगळे उघड्या पडलेल्या वाळूवर उतरत होते. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे.

"म्हणजे तुला माहीत होतं आपण टेकणार ते."

"हो."

"आणि सुकाणू तुझ्या हातात होतं."

"वाळू मऊ होती, लाट चाळीसची, वेग दोन नॉट, त्यामुळे होडीला..."

"ऋजुता."

ती थांबली. मग म्हणाली, "तिचं चुकलेलं तुझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं मला. मी सांगितलं असतं तर ते नुसतं माझं म्हणणं झालं असतं. बायकोचं म्हणणं."

होडी आणखी थोडी कलली आणि खालच्या कपाटात एक कप गडगडत गेला.

"एक सांगू?" शेवटी तो म्हणाला. "तू समजतेस मी तिच्यावर जीव टाकत होतो."

"नव्हतास?"

"होतो. खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मी जळत होतो. सहा वर्षं मी त्या होडीवर काय होतो माहितेय? वजन. होडी कलू नये म्हणून एका बाजूला बसवलेलं पोतं. ती दीडच्या आकड्यावर आत शिरायची आणि माझे पाय लटपटायचे. ते तिला दिसू नये म्हणून मी उगाच दोर गुंडाळत बसायचो. मनात यायचं, हिच्यात काहीतरी आहे आणि ते माझ्यात नाही, कधी येणारही नाही." त्याने पंचा घट्ट केला. "लग्नाचं तिनेच विचारलं होतं. मी नाही म्हटलं. रोज सकाळी उठून स्वतःला भित्रा समजत जगायचं नव्हतं मला."

हे ऋजुताला माहीत नव्हतं. चौदा वर्षांत त्याने सांगितलेल्या सगळ्या किश्श्यांत हे नव्हतं.

"आणि ती नुसती वाट बघत असायची," तो जरा वेळाने म्हणाला. "माझ्याइतकीच. तिने कधी सांगितलं कसं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

"नाही." तो कसंनुसं हसला. "भ्यालोय हे कळलं असतं ना."

ऋजुता उठली आणि कललेल्या होडीवरून पाण्यात उतरली. मोजपट्टी घेऊन ती वाळूवर चालत गेली. करण्यासारखं काही नव्हतं. तिला त्याच्यापासून वीस पावलं लांब जायचं होतं. पायाखाली लहरींच्या बारीक वळ्या लागत होत्या, समुद्राकडची बाजू उतरती, खाडीकडची उभी. हे ती मुलांना फळ्यावर काढून दाखवायची. आज तिला दुसरंच गणित सुटत होतं, आणि ते इतकं सोपं होतं की टाळता येईना. त्याने एकदा, एकाच दुपारी, आकडा कुठून मोजलाय असं विचारलं असतं, तर त्याने नाही म्हटलं नसतं. आज या होडीवर ती दुसरी बसली असती आणि ही वाळू तुडवायला आपण इथे नसतो. आपलं सगळं लग्न एका न विचारलेल्या प्रश्नावर उभं आहे. नव्वद सेंटिमीटरवर.

ती परत आली तेव्हा त्याने चांगला हात पुढे केला. तो धरून ती वर चढली.

"तुझ्याबरोबर मला भीती वाटली नाही कधी," तो म्हणाला. समजूत घालायला म्हणाला, हे तिला कळलं. पण त्या वाक्यात आपली जागा कुठली, तेही कळलं.

*

साडेचारला बुडाखाली पाणी चुळबुळू लागलं. ऋजुताने प्लॉटरची यादी उघडली, 'पृष्ठभाग' खोडून 'होडीचं बूड' निवडलं आणि पडदा नवऱ्याकडे फिरवला. "बघून घे. एवढंच होतं."

होडी सरळ झाली, एकदा डळमळली, तरंगली. नांगराच्या दोराने दोघांनी तिला समुद्राच्या बाजूला ओढून घेतलं; श्रीरंग एका हाताने आणि ऋजुता दोन्हींनी.

पडद्यावर मात्र रेघ उमटली नाही. त्या जागी एक शांत ओळ आली: चाळीस मिनिटं थांबा.

त्यांनी वाट पाहिली. दोघांनी अर्धी अर्धी पोळी खाल्ली. उन्हं पिवळी झाली. चाळीस मिनिटांनी रेघ आली ती पट्ट्यावरून नव्हे, तर दक्षिणेच्या अंगाने मोठं वळण घेऊन, ऋजुताने कधी न पाहिलेल्या वाटेने. तिने सुकाणू धरलं. रेघ जिथे वळली तिथे ती वळली, आणि प्रत्येक वळणाचं कारण तिला दोन क्षणांनी समजत गेलं. इथे प्रवाह वाळू खरवडतो, म्हणून खोल. इथे दोन प्रवाह भेटतात, म्हणून टाळायचं. होडीखालचा आकडा एकदाही दीडच्या खाली गेला नाही. तिने स्वतः वीस वर्षं या पाण्यात काढली असती, तर तिने अशीच होडी आणली असती.

श्रीरंग तिच्याशेजारी बसून पडद्याकडे बघत होता. दुपारचा तो चेहरा आता नव्हता. हा वेगळा होता, जास्त मऊ. "ही शाल्मली मला माहीतच नव्हती," तो हळूच म्हणाला.

दुपारपर्यंत ऋजुताला वाटत होतं की त्या बाईचं धाडस खोटं ठरलं की आपण मोकळ्या होऊ. ते खोटं ठरलं होतं. आता उरली होती ती शहाणी, सोशिक, पाण्याची पारख असलेली बाई, आणि तिच्यापुढे ऋजुताकडे एकही तक्रार शिल्लक नव्हती.

धक्क्याला दोर बांधत असताना हनीफभाईंचा फोन आला. हात ओले होते म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"काय मॅडम, झाली का चाचणी? मयेकर पक्का ना? उद्या कंपनीला कळवायचंय मला."

"त्यात एक चूक होती. मला सापडली, मी दुरुस्त केली. आज रात्रीच कंपनीला लिहून पाठवते. बाकीच्या होड्यांनाही ती लगेच कळायला हवी."

"अरे बापरे. पण आता ठीक आहे ना?"

"उत्तम आहे. आम्हा दोघांपेक्षा चांगलं आहे."

"मग पक्का करतो."

श्रीरंग होडीतच होता, सुजलेला हात छातीशी धरून. त्याने मान वर केली. निवड त्याने तिच्यावर सोपवली होती आणि तिच्यावरच राहू दिली.

"कोरा द्या, हनीफभाई," ऋजुता म्हणाली.

"कोरा? तो शिकायला दोन-तीन वर्षं घेईल, मॅडम. आणि हा परत पाठवायचा तर कंपनी कारण विचारते. काय लिहू? चूक होती असं लिहू का?"

लिहा, असं ती म्हणू शकली असती. ते खरंही होतं. तिने दोराची गाठ पुरी केली, ओढून पाहिली, आणि नवऱ्याकडे बघत, शब्द नीट सुटे सुटे उच्चारत म्हणाली,

"नाही. चूक दुरुस्त झालीय, ते कारण नाही. लिहा की शाल्मली मयेकर मला माझ्या होडीत नको आहे. मला तिचा हेवा वाटतो."